भागीबाई पडद्याआड गेली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाच्या रंगमंचावरचा नव्हे, की कुणाच्या दिवाणखान्याचाही नव्हे. सागवानाच्या तीन चौकटी, त्यांना जोडणाऱ्या बिजागऱ्या आणि चौकटींवर ताणून बसवलेले जाड हिरवे कापड, एवढाच माझा देह. नाशिकच्या भद्रकाली भागातल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात मी उभा असे. लोकांनी माझ्यावर जेवढा संशय घेतला तेवढा क्वचितच कुणा पडद्यावर घेतला असेल. आणि खरे सांगायचे, तर संशय घेण्यात मीही काही मागे राहिलो नाही.

माझे कापड येवल्याला विणले गेले. विणणारा रहेमान पैठणी विणणाऱ्या घराण्यातला. पण ते मंदीचे दिवस होते, रेशमाला गिऱ्हाईक उरले नव्हते, म्हणून त्याच्या मागावर जाडे सूत चढले. रेशमाची सवय असलेल्या बोटांनी त्याने मला विणले. त्यामुळे मी दिसायला जाडाभरडा असलो, तरी माझी वीण घट्ट आहे. चौकटी केल्या अब्बास सुताराने. मला दवाखान्यात आणून उभा केल्यावर त्याने डॉक्टरीणबाईंना सरळच विचारले, "बाई, दवाखान्यात झाकण्यासारखं असं काय असतं?"

"लाज," डॉक्टर कमळाबाई म्हणाल्या. "तिला आडोसा मिळाला की माणूस खरं बोलतो."

अब्बासला ते काही पटले नाही. जाताना तो दारातून पुन्हा पुन्हा वळून बघत होता. माझ्यावर पडलेली ती पहिली संशयी नजर.

एरवी दवाखान्यात खोकला, खरूज, कानदुखी असले रोगी येत. गुरुवार मात्र रक्त तपासण्याचा दिवस. त्या दिवशी कमळाबाई मला उघडून खोलीच्या मधोमध उभा करत. माझ्या एका अंगाला वाट पाहणाऱ्यांचे बाक, दुसऱ्या अंगाला बाईंची खुर्ची आणि उकळलेल्या सुया. रोगाचे नाव गरमी. ते कुणी मोठ्याने घेत नसे. मित्रांनो, हा रोग स्त्री-पुरुषांच्या संबंधातून एकाचा दुसऱ्याला लागतो आणि आईच्या रक्तातून पोटातल्या बाळालाही लागतो. वरून माणूस धडधाकट दिसतो, रोग आत तसाच दबा धरून बसतो. म्हणून रक्त तपासावे लागते. त्या काळी ते काचेच्या कुपीत भरून आगगाडीने मुंबईला जाई आणि काही दिवसांनी तिकडून निकाल येई.

गावात मात्र निराळेच बोलले जाई. रक्त मुंबईला विकतात म्हणे. पडद्यामागे नावे घेतात आणि ती पोलीस चौकीवर जातात म्हणे. जी बाई हिरव्या पडद्याआड गेली ती चालू, असे तर बाकावर बसूनच लोक बोलत, आणि ते मला ऐकावे लागे. कुणीतरी एकदा अंबाड्यातला आकडा खुपसून मला भोक पाडले. आत काय चालते ते पाहायला.

अशाच एका गुरुवारी झुंबरबाई आपल्या सुनेला घेऊन आली.

झुंबरबाई पंचवटीत राहणारी, पन्नाशीची, ताठ मानेची बाई. तिचा मुलगा यादव नाशिक-देवळा मोटारीवर ड्रायव्हर होता. सून भागीबाई चार महिन्यांची गरोदर. याआधी तिची तीन बाळंतपणे झाली होती. दोन मुले मेलेलीच जन्मली. तिसरे जिवंत जन्मले, पण त्याच्या तळहातांची कातडी सोलल्यासारखी होती, आणि ते बारशापर्यंतही टिकले नाही. हे सारे मला झुंबरबाईच्या तोंडून कळले, कारण ती शेजारच्या बाईला सगळे ऐकवत होती. भागी जवळच मान खाली घालून बसली होती.

"हे चौथं. हे बी गेलं, तर देवळ्याची एक पोर बघून ठेवली हाय यादवसाठी," झुंबरबाई म्हणाली. "हिच्यातच काहीतरी खोट हाय. ती काय हाय तेवढं डाक्टरीणबाईच्या तोंडून ऐकायचंय."

भागी आत आली ती अंग चोरून. कमळाबाईंनी तीन बाळांची हकीकत शांतपणे विचारून घेतली. मग म्हणाल्या, "भागी, तुझं रक्त तपासू या."

भागीने हात पदराखाली ओढून घेतला. "कशापायी? तुम्हाला आत्याबाईंनी सांगितलं ना? माझ्यावर बालंट घ्यायचं, म्हणजे दुसरी आणायला मोकळे."

"तुझ्या सासूचा आणि माझा आज पहिल्यांदा संबंध आला."

"असं समदेच म्हणतात."

कमळाबाई रागावल्या नाहीत. रोग काय असू शकतो, आणि असला तर पोटातले बाळ कसे वाचवता येईल, हे त्यांनी तिला समजावले. 'बाळ वाचेल' हे शब्द ऐकल्यावर भागीचा हात सावकाश पदराबाहेर आला. दवाखान्यातल्या लंकाबाई आयाने तो धरला. रक्त काचेच्या कुपीत उतरले. तेव्हा भागी एकदम म्हणाली, "हे माझंच म्हणून कसं कळंल? दुसऱ्या कुणाचं माझ्या नावावर लावलं तर?"

"चिठ्ठी चिकटवतो की," लंकाबाई म्हणाली.

"मला वाचता येत नाय."

तिने आपल्या लुगड्याच्या काठातून एक तांबडा दोरा उसवला आणि कुपीच्या गळ्याला स्वतःच्या हाताने बांधला. खरे सांगू? मला ती तेव्हापासून आवडू लागली. एवढा वेळ माझ्या भोकाला मात्र कुणाचा तरी डोळा लागलेला होता, आणि तो झुंबरबाईचा होता.

निकाल आला. पुढच्या गुरुवारी भागी पुन्हा माझ्याआड खुर्चीवर बसली. कमळाबाई तिच्या कानाशी वाकल्या. "रक्तात दोष आहे, भागी. गरमीचा."

भागीचे ओठ पांढरे पडले. "मी काही वंगाळ केलं नाय, बाई. देवाशपथ."

"तसं मी विचारलंय का? सुया आजपासून सुरू करू. दर आठवड्याला यायचं, चुकवायचं नाही. आणि नवऱ्याला घेऊन ये. त्याचंही रक्त पाहायला हवं."

पडदा दृष्टी अडवतो, आवाज अडवत नाही. माझ्या पलीकडे कान लावून बसलेली झुंबरबाई ताडकन उठली. "माहीत होतं मला! हिनंच माझी नातवंडं खाल्ली!" असे ओरडून तिने मला असा हिसका दिला की मी धाडकन फरशीवर आडवा झालो. माझी एक बिजागरी निखळली. बाकावरच्या सगळ्या माणसांना खुर्चीवर बसलेली भागी दिसली. माझे काम एकच होते, आणि नेमके तेच त्या दिवशी मला जमले नाही.

मला वाटले, आता ही तोंड झाकून पळेल. पण भागी उठून उभी राहिली. "आत्याबाई, माझं रक्त तपासलं. आता त्यांचं तपासा."

"बाप्याचं रक्त? बाप्याचं रक्त कोण तपासतं गं?" झुंबरबाई हातवारे करत म्हणाली. "माझा ल्योक वाघासारखा हाय. तू माझ्या दारात पाय ठेवू नको." आणि ती निघून गेली.

त्या दिवसापासून भागी लंकाबाईच्या खोलीवर राहू लागली. सुया घ्यायला येई, पण विश्वास तिचा कशावरच नव्हता. पिवळे औषध सुईत भरताना ती डोळे बारीक करून पाही. "हे मूल पाडायचं तर नव्हे?" असे ती लंकाबाईला दर वेळी विचारी. लंकाबाई कंटाळून म्हणे, "पाडायचंच असतं तर तुला खोलीवर कशाला ठेवलं असतं, बाई?" मग भागी हात पुढे करी.

काही आठवड्यांनी यादव आला. उंचापुरा, खाकी कोट घातलेला, मोटारीच्या तेलाचा वास मारणारा. भागी लंकाबाईला मदत म्हणून औषधाच्या कपाटापाशी कापसाच्या घड्या करत होती. तिच्याकडे न बघता तो कमळाबाईंवर गरजला, "माझ्या बायकोला तुम्ही फूस लावली! तिच्या नावावर भलत्याचं रक्त लावलंय!"

"कुपीला दोरा मी सोता बांधला होता," भागी तिथूनच म्हणाली.

बाकावरची माणसे कान टवकारून बसली. कमळाबाई म्हणाल्या, "बोलायचं तर पडद्याआड बोलू. नाहीतर इथेच, सगळ्यांसमोर. तुम्ही सांगाल तसं."

तो माझ्याआड आला. मित्रांनो, कित्येक माणसे माझ्याआड येऊन बसली, त्यामुळे राग कसा असतो आणि भीती कशी असते ते मला ओळखता येते. हा माणूस रागावलेला नव्हता. खुर्चीवर बसून त्याने न सांगताच कोटाची बाही वर सारली. दंडाला रबरी नळी बांधली, सुई टोचली. कुपी भरून झाल्यावर अगदी खालच्या आवाजात त्याने विचारले, "बाई... लय जुनं असंल, तर ते रक्तात राहतं का?"

"किती जुनं?"

"लग्नाच्या आदुगरचं. मुंबईला होतो तवाचं. एक फोड आला होता. दुखला नाय. आपसूक बरा झाला, म्हणून मी बी सोडून दिलं."

"फोड बरा होतो. रोग आत राहतो," कमळाबाई म्हणाल्या. "निकाल येऊ द्या. पण तुमच्या बायकोला आणि त्या तीन बाळांना तो तुमच्याकडूनच गेला असणार."

यादवने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मला वाटले, रडतो आहे. पण हातांआडूनच तो पुटपुटला, "तिला सांगू नका. आईलाही नको. तिच्यापासनं मला लागलं असं म्हणा. तिला तर आता समद्यांनी वाईट ठरवलंच हाय."

"तुमची गोष्ट मी कुणाला सांगणार नाही," बाईंचा आवाज धारदार झाला. "पण तिच्या नावावर खोटं माझ्याकडून निघायचं नाही."

कापसाच्या घड्या कधीच थांबल्या होत्या. भागी माझ्या अगदी जवळ उभी होती, इतकी की तिचा श्वास माझ्या कापडाला लागत होता. तिने प्रत्येक शब्द ऐकला होता. ती माझ्या कडेने वळसा घालून आत आली. यादव दचकून उठला.

ती ओरडली नाही. म्हणाली, "तीन येळा मी खड्डा बघितला. दर येळी वाटलं, माझ्याच पोटात काहीतरी कुजलंय. तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं. आईची आण. आत्ता बाई बोलल्या तवा कळलं."

"खरं का खोटं मला समजंना," भागी म्हणाली. "पण आत्याबाईंना तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं. आन् देवळ्याच्या त्या पोरीच्या बापालाही नकार कळवायचा. तिचं तरी वाटोळं नको."

तो गेला. तो सांगेल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. भागीचाही नव्हता. त्या दिवशी तिने लंकाबाईला सांगून टाकले, "मी आता तुझ्याकडंच बाळंत होणार."

पुढल्या गुरुवारी दार उघडताच समोर झुंबरबाई उभी. तिची ताठ मान पार खाली गेली होती. यादवने सांगितले होते तर. ती भागीपाशी गेली नाही, तडक कमळाबाईंकडे आली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "यादवच्या पाठची माझी दोन गेली. सासू मलाबी हेच म्हणायची. माझंबी रक्त बघा."

बाईंनी काही न विचारता तिला माझ्याआड नेले. सुई टोचताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. लंकाबाई दुसरीकडे गुंतलेली होती, म्हणून तिचा हात भागीने धरला. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

झुंबरबाईच्या रक्तात काही दोष निघाला नाही. ते ऐकून तिला आनंद होईल असे मला वाटले होते. पण ती म्हणाली, "मग माझी दोन का गेली?" कमळाबाईंनी मान हलवली. त्यांनाही ते ठाऊक नव्हते. तपासणीतून सगळ्याच प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, हे मी त्या दिवशी शिकलो.

यादवच्या रक्तात मात्र दोष निघाला. त्यालाही सुया सुरू झाल्या. भागीने उन्हाळा सरता सरता मुलीला जन्म दिला. मुलगी रडली, आणि रडतच राहिली. तिच्या तळहातांची कातडी नितळ होती. कमळाबाईंनी तिचेही रक्त तपासले, काही महिन्यांनी पुन्हा तपासले, आणि ती निरोगी आहे असे सांगितले. मग कुठे भागी सासरी गेली.

म्हणून तिचा संशय गेला असे समजू नका. यादव सुई घ्यायला येई तेव्हा ती लेकीला कडेवर घेऊन सोबत येई आणि सुई खरोखर टोचली जाईपर्यंत माझ्या कडेशी उभी राही. "माझा भरवसा नाय का?" असे त्याने एकदा विचारले. ती म्हणाली, "बघू. सुया पुऱ्या होऊ द्या." तो हिरमुसला, पण एकही गुरुवार त्याने चुकवला नाही.

आता दवाखान्यात लोखंडी चौकटीचा पांढरा पडदा आला आहे. मी मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभा असतो. माझ्यावर जखमेच्या धुतलेल्या पट्ट्या वाळत घालतात. वाळवीने एक चौकट पोखरली आहे. त्या चौकटीला जरा तेल लावले, तर मी अजून कुणाला तरी आडोसा देईन.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा मनात कधी अशी शंका आली, तर ती मनात कुजवू नका, दुसऱ्याच्या माथी मारू नका. दवाखान्यात जा आणि तपासून घ्या. एकट्याने नव्हे, नवरा-बायको दोघांनी जा. आणि तिथल्या बाकावर कुणी मान खाली घालून बसायला आले, तर ते कशाला आले असे विचारू नका. थोडे सरका आणि त्यांना जागा द्या.