धाब्यावरचं जळण

"धाब्यावरच्या लाकडाला हात लावायचा नाही हं. ते घराचं मुंडासं आहे."

सासूबाई जाऊन दोन हिवाळे झाले, तरी शिडी धरली की छोरोलला हा आवाज ऐकू येई. गावातल्या प्रत्येक घराच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या कडेनं वाळुंजाच्या फांद्यांच्या मोळ्या रचलेल्या असत. रास उंच, तितकं घर भरलेलं. सासूबाईंनी आपली रास स्वतःच्या हातानं रचली होती. ती वाळून खडखडीत झाली होती, आणि खाली बुखारीत, पत्र्याच्या शेगडीत मात्र यंदा तोडलेलं ओलं लाकूड पडत होतं.

ते फसफसे, टोकातून पाणी सोडे, धूर उलटा खोलीत येई. सारं घर या एका खोलीत हिवाळा काढत होतं, तरी भिंतीपर्यंत ऊब पोचत नव्हती. लाकडाची टोपली रिकामी केली तरी दुपारी बुखारी गारच. नातवंडांमुळे सासऱ्यांना सगळेच मेमे, म्हणजे आजोबा, म्हणत. ते पहाटे देवघरात पाण्याच्या सात वाट्या मांडून येत आणि मग खोकत बसत.

थोरले दीर ग्यालसन लेहहून आले, ते ठरवूनच.

"आबा, माझ्याकडे चला. इथं धूर खाऊन जीव जाईल तुमचा. उद्या गाडी परत जाईल, तुम्हाला घेऊनच."

"माझ्या वाट्या कोण मांडेल?"

"छोरोल मांडेल."

"तिला येतात रे मांडायला. पण मला मांडायच्यात ना."

म्हातारा एवढंच बोलला. छोरोलनं पाहिलं, जपमाळेवरचं त्यांचं बोट एकाच मण्यावर अडकलं होतं.

ग्यालसन बहिणीला भेटायला गेले. छोरोलनं दिव्यापुढे हात जोडले आणि मेमेंसमोर येऊन बसली. एखादी मोळी गुपचूप काढता आली असती; पण चोरून आणलेली ऊब तिला नको होती.

"मेमे-ले, धाब्यावरचं कोरडं लाकूड काढू?"

"वेडी की काय! गाव म्हणेल, पाल्जोर म्हाताऱ्याच्या घराला टक्कल पडलं."

"पडू दे. टोपी घालू."

मेमेंनी हसू दाबलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "ते माझ्यासाठी ठेवलंय गं. ऐन थंडीत गेलो, तर चितेला लाकूड कुठून आणाल? तुझी सासू म्हणायची, आपल्यापायी मुलांना कुणाच्या दारात जायला लागू नये."

छोरोलनं त्यांच्या पेल्यात लोण्याचा चहा ओतला.

"म्हणजे जिवंतपणी कुडकुडायचं आणि मेल्यावर शेकत बसायचं? आमा-ले असत्या ना, तर फुंकणी घेऊन मागे लागल्या असत्या तुमच्या!"

मेमे हसले, हसता हसता खोकले, डोळे पुसले. माळ पुन्हा सरकू लागली.

"कड उघडी नको ठेवूस," ते म्हणाले. "ओलं वर चढव, उन्हावाऱ्यानं वाळेल. आणि बर्फ गेलं की ओढ्याकाठी नव्या फांद्या मी लावीन. तुझ्या सासूला तसा शब्द देऊन येतो." ते भिंतीला धरत देवघरात गेले.

छोरोल मोळ्या खाली टाकू लागली, तशी शेजारच्या धाब्यावरून पाल्मो ओरडली, "काय गं, सासूचं मुंडासं उतरवलंस?"

"नाही हो आचे, धुवायला काढलंय!"

तिनं लाकूड बारीक फोडलं. जाड तुकडे तळाला, काटक्या वर, आणि जाळ वरून लावला. धूर दिसला नाही. जाळ स्वच्छ झाल्यावर तिनं धुराच्या नळीची झडप अर्धी ओढली. नेहमीच्या निम्मं लाकूडही लागलं नाही; पण संध्याकाळी भिंतीला हात लावला तर ती कोमट होती. मुलांनी कोट काढून भिरकावले.

ग्यालसन परतले. आधी टोपी काढली, मग कोट. जरा वेळानं मोजेही.

"माझ्या घरी एवढी ऊब नसते," ते कबूल झाले. "मग आबा, उद्याचं काय?"

"काय म्हणजे? तू नीट जा. पोचलास की कळव."

ओढ्यावरचं बर्फ फुटलं, त्या सकाळी मेमेंनी वाट्या मांडल्या, हात पुसले. बादलीत भिजत ठेवलेल्या वाळुंजाच्या फांद्या त्यांनी दोरीनं बांधल्या, पाठीवर घेतल्या, कुदळ खांद्यावर टाकली. कुणाला काही न सांगता, मधूनमधून थांबत, ते ओढ्याच्या दिशेनं चालू लागले.

छोरोल धाब्यावर उभी होती. तिनं हाक मारली नाही.