गिरजाबाईंची लाखोळी पिवळी होईना

अठ्ठ्याण्णव साली मी, कहकशाँ शेख, चंद्रपूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे आणि ऑर्थो-थॅलाल्डिहाइडची बाटली जिवापाड जपायचे. लाखोळी या कडधान्याच्या उकळलेल्या अर्कात ते घातलं की परीक्षानळी पिवळी होते. पिवळा रंग जितका गडद, तितकं पाय लुळे करणारं विष जास्त.

एका सकाळी मूल गावाजवळच्या गिरजाबाई सून साधनाला घेऊन आल्या. त्यांच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान निघालं की दरवर्षी लाखोळी असे. लाखोळीनं पाय लुळे पडतात असं साधनानं रेडिओवर ऐकलं आणि घरातलं लाखोळीचं वरण बंद करून टाकलं.

"चाळीस वर्सं मी घराले जहर चारलो का, बाई?" गिरजाबाईंनी पुरचुंडी पुढे केली. "तपासून सांगा मले." आत लाखोळीचं पीठ होतं.



दुपारपर्यंत खपले, तरी नळी पिवळी होईना. मी बाटलीवर चिडले, पुन्हा केलं. तीच गत. मग आमच्या कपाटातला लाखोळीचा नमुना घेतला, तर तो हळदीसारखा पिवळाधमक! म्हणजे बाटली बरोबर होती. बिनविषाचं वाण! मी मनातल्या मनात त्याचं नावही ठेवलं, गिरजा.

"गिरजाबाई, याचं बियाणं द्याल?"

"देतो नं. पण हे तं उकळून, वाळवून दळलेलं हाये."

"उकळून? ते का?"

"परक्याच्या दारी कच्चं, धुळीचं नेतेत का? रातभर भिजवली, मोठा गंज भरून पाण्यात उकळली, पाणी फेकलं. मी रांधतो तशीच."

माझं वाण त्या पाण्यासोबत वाहून गेलं. अस्सा राग आला! तेवढ्यात साधनानं पदराची गाठ सोडली. आत मूठभर कच्चे दाणे होते. "हे त्याच बांधीतले. आत्याबाई चांगले तेवढे निवडून आणतीन म्हणून मी वेगळे आणले," ती खाली बघत म्हणाली.

ते दाणे दळून तपासले, तर नळी पिवळीधमक!

मी दोन्ही नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. "विष पाण्यात गेलं," मी साधनाला म्हणाले. "थोडं उरतंच, रोज खाऊ नका. पण चाळीस वर्षं यांनी तेच तर फेकलं." माझा राग कुठच्या कुठे गेला होता, मला गिरजाबाईंचा अभिमान वाटत होता.

गिरजाबाईंनी पदरानं डोळे पुसले. साधनानं दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पाणी कितीक घालता? मले दाखवून द्या."