लूकच्या आईचं रान्दान

२०१७च्या एप्रिलमध्ये आमच्या नीलिमावहिनीने होणाऱ्या विहीणबाईंना जेवायला बोलावलं, ते नेमकं कारफ्राइटाग नावाच्या जर्मन सुट्टीला. का, तर सगळे घरी. कसली, हे कुणी विचारलंच नाही. जर्मनीत र्युसेल्सहाइमला इतकी वर्षं राहून आम्हाला सुट्ट्या तोंडपाठ आहेत, कारणं नाहीत.

लूक म्हणजे माझ्या भाचीच्या, कुहूच्या ऑफिसातला माल्टाचा इंजिनिअर आणि आता तिचा होणारा नवरा. कुहूने आधीच बजावलं होतं, "आई, तो त्याच्या आईच्या शब्दाबाहेर नाही. तिला आपण आवडलो नाही, तर आल्झो, मग संपलंच..." म्हणून वहिनीने स्वतःची संकष्टी असूनही नाकाला ओढणी लावून मटण शिजवलं.

लूकची आई, डोरिसबाई, ताट बघून ओशाळल्या. "मी फक्त पाव आणि चहा घेईन. आज गुड फ्रायडे. आमचं रान्दान चालू आहे."

लूकने मान खाली घातली. गाढवाने आधी सांगितलंच नव्हतं. वहिनीचा चेहरा पडला.

"सुलेखा, रमजान? या तर ख्रिश्चन ना?" दादा माझ्या कानात म्हणाला. कुजबुजणं त्याला कधीच जमलेलं नाही.

डोरिसबाई हसल्या. "शब्द तोच! माल्टावर पूर्वी अरबांचं राज्य होतं. ते गेले, पण ईस्टरआधीच्या उपासाचं नाव रान्दानच राहिलं. देवालासुद्धा आम्ही अल्ला म्हणतो."

"उपास होय! अहो, माझाही आहे की!" वहिनीने स्वतःपुरती केलेली साबुदाण्याची खिचडी आणली.

"यात मांस?"

"छे!"

"अंडं?"

"नाव नका काढू."

"साखर?"

वहिनी जरा थबकली. "चवीपुरती. बाप्पा तेवढं बघत नाही."

डोरिसबाईंनी एक घास घेतला, मग दुसरा. तूप, दाणे, बटाटा... "याला तुम्ही उपास म्हणता?"

"आणि तुम्ही काय खाता हो?" मी खोचकपणे विचारलं.

"क्वारेझिमाल," लूकने मघाच्या फजितीचा बदला घेतला. "बदामाचा केक. वर मध."

"त्यात लोणी नसतं!" डोरिसबाई घाईघाईने म्हणाल्या. "नाव इटालियन आहे, उपासाच्या चाळीस दिवसांवरून पडलेलं."

"चाळीस दिवस केक?" वहिनीच्या आवाजात निव्वळ आदर होता.

खिचडीचं भांडं रिकामं झाल्यावर डोरिसबाईंनी चमचा ठेवला. "लग्नाची तारीख तुम्ही काढा. फक्त रान्दानात नको, लोकांना नीट जेवता येत नाही."

"संकष्टीलाही नको," म्हणत वहिनी पंचांग शोधायला उठली. दादाने मटणाचं पातेलं निमूटपणे स्वतःपुढे ओढलं.