अंदाजाने घातलेले टाके

विषय : बारा नंबरच्या विणकामाच्या दोन सुयांपैकी एक सुई जागेवर नसल्याबाबत.
संदर्भ : श्रीमती चंद्रप्रभाबाई, शिक्षिका, तुळजापूर, यांचा लोहारा येथे बदली मिळण्याबाबतचा अर्ज. पहिली प्रत सन १९५५, चौथी प्रत सन १९६२.

वरील विषयी निवेदन असे की, जी सुई जागेवर आहे ती मी बोलते आहे. टोकाला औषधाच्या बाटलीचे बूच लावलेले असल्यामुळे आवाज थोडा दबका येईल.

माझ्या भाषेला कोणी नाक मुरडू नये. ज्या पत्र्याच्या ट्रंकेत मी राहते, तिच्यातच बाईंच्या अर्जाच्या नकला राहतात. सात वर्षांचा शेजार आहे. शेजाऱ्याची भाषा लागतेच.

आम्हा दोघींना बाईंच्या यजमानांनी, गोपाळकृष्णपंतांनी, सोलापूरहून आणले. ते तिकडे औषधपाण्यासाठी गेले होते. औषध लागू पडले नाही; सुया टिकल्या. आमच्या वेष्टनावर बर्फात उभ्या असलेल्या गोऱ्या बाईचे चित्र होते. तुळजापुरात बर्फ फक्त भूगोलाच्या पुस्तकात पडतो, त्यामुळे आमच्या नशिबी लोकर आली नाही. सुती दोरा आला.

यजमान गेल्यावर बाईंनी मुलींच्या शाळेत नोकरी धरली. मुलगी सरोजिनी तेव्हा सहा वर्षांची होती. सासरे विष्णुपंत लोहाऱ्याला राहत. निजामाच्या अमदानीत ते पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे कारकून, होते आणि बोलणे अजून शेरा मारल्यासारखेच होते.

"सूनबाई, दिवसभर तुम्ही शाळेत. पोरीनं काय कुलपाशी बोलायचं?" ते म्हणाले. "ती आमच्याकडं राहील. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याकडं पाठवत जाईन. तुम्ही बदली करून लोहाऱ्याला या, त्या दिवसापासून लेक तुमच्या खोलीत."

माणूस वाईट नव्हता. बोलणे खोटेही नव्हते. बाईंनी त्याच आठवड्यात अर्ज केला.

तेव्हापासून बाईंचे वर्ष दोनच भागांचे झाले. सरोज येते तो महिना, आणि बाकीचे अकरा. सरोज निघायच्या दिवशी बाई तिला भिंतीशी उभी करत आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मला धरून माप घेत. पहिल्या वर्षी ते दोन सुया भरले. एवढ्या जवळून त्या मुलीला मी वर्षातून एकदाच भेटत असे.

पौषात शाकंभरी नवरात्राची गर्दी ओसरली की दोऱ्याच्या गुंड्या बाहेर निघत. लोहाऱ्याहून महिन्याला एक कार्ड येई, 'चि. सरोजिनी खुशाल आहे.' खुशाली किती बोटे वाढली, ते त्यात नसे. मग बाई वर्गातल्या तेवढ्याच वयाच्या मुलींकडे पाहून ठरवत. दोन बोटे वाढ धरायची, छातीला सहा टाके जास्त घालायचे. थंडी असतानाच वैशाखातला फ्रॉक तयार झाला पाहिजे, कारण शाळा, वह्या आणि स्वयंपाक यांतून दिवसाला चार-पाच ओळीच होत.

दूध घालायला येणाऱ्या नागूबाईला याचे नवल वाटे. ती डोक्यावरून घोंगडी घेऊन दारात टेकायची.

"बाई, हितं दात वाजायलेत अन् तुमी बिनबाह्याचं विणायलाव?"

"उन्हाळ्यात घालायचंय, नागूबाई."

"मंग उन्हाळ्यात विणा की."

"उन्हाळ्यात ती इथं असते. तेव्हा विणत बसू का तिच्याशी बोलू?"

नागूबाईने यावर दुधाचे माप थोडे जास्त घातले.

बाईंचा अंदाज कधी फारसा चुकला नाही. अर्जाचे तसे नव्हते. पहिल्या अर्जानंतर राज्य बदलले, नवा नमुना भरावा असे कळले. चार वर्षांनी राज्य पुन्हा बदलले, नमुना पुन्हा बदलला. फ्रॉक दरवर्षी वाढत गेला. अर्ज होता तेवढाच राहिला.

गेल्या वैशाखात विष्णुपंत सरोजला घेऊन एसटीतून उतरले. बाई फ्रॉक हातात धरूनच दारात उभ्या होत्या. सरोज परकर-पोलक्यात होती. दोन वेण्या, आणि चालणे थोडे जपून.

बाईंनी फ्रॉक तिच्या अंगाला लावून पाहिला. तीन सुयांना दोन बोटे कमी. तंतोतंत.

"आई," सरोज हळू म्हणाली, "आजी म्हणते, आता फ्रॉक घालायचा नाही."

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं. तुला कळवलं नाही?"

दिवाळीचे कार्ड ट्रंकेत माझ्याच खाली होते. त्यात खुशाल होते.

विष्णुपंतांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "बदलीचं काय झालं, सूनबाई?"

"विचाराधीन आहे, मामंजी."

"हं. माझ्या पेन्शनीची वाढही विचाराधीन आहे. ती कुठं भेटली तर माझा नमस्कार सांगा."

ते दुसऱ्या गाडीने परतले. दुपारी मायलेकी फ्रॉक उसवायला बसल्या. चार महिन्यांचे काम एका दुपारीत गेले. बाई ओढत होत्या, सरोज गुंडी करत होती. शेवटी सरोजच म्हणाली, "याचंच पोलकं विण की. मी बसते समोर."

पहिल्यांदाच उन्हाळ्याचे कपडे उन्हाळ्यात सुरू झाले. सरोज समोर, दर चार ओळींनी पाठ वळवून उभी राहायची, आणि बोलायचीही. बाईंना कळले की विणता विणता बोलता येते. हे त्यांना इतकी वर्षे सुचले नव्हते.

महिना संपला तेव्हा पाठ काखेपर्यंत आली होती. एक ओळ पुरी झाली, सगळे ब्याण्णव टाके माझ्यावर आले, माझी जोडीदारीण मोकळी झाली. आणि सरोज गेली.

दुसऱ्या दिवशी जोडीदारीण सापडेना. बाईंनी गादी झटकली, पिठाचा डबा चाळला, वह्यांचे गठ्ठे सोडले.

"नागूबाई, तुमच्या नातीनं नाडी घालायला तर नेली नाही ना सुई?"

"आमच्यात कोन परकराला सुई लावतंय, काडीनं भागतंय," नागूबाई म्हणाली. "अन् म्या नेऊन काय करू? म्हशीला पोलकं विणू?"

बाई हसल्या. मग माझ्या टोकाला बूच लावून बसून राहिल्या.

आठ दिवसांनी कार्ड आले. विष्णुपंतांच्या 'खुशाल आहे'च्या खाली, कोपऱ्यात बारीक अक्षर होते.

'आई, एक सुई मी आणली आहे. रागावू नकोस. तू तिथं अंदाजानं विणतेस आणि मी इथं वेगळीच होत जाते. पोलकं अर्धं राहू दे. सुई माझ्याबरोबरच येईल. सरोज.'

बाईंनी ते दोनदा वाचले आणि ट्रंकेत ठेवले. मात्र अर्जांच्या गठ्ठ्यात नाही, माझ्याजवळ.

यंदा पौष आला आणि गेला. शाकंभरीची गर्दी ओसरली. बाई रोजच्या जागी बसल्या, हात मांडीवर ठेवून. दोन-तीन दिवस बोटे आपोआप हलत होती, मग राहिली. त्या मोकळ्या वेळात त्यांनी नव्या नमुन्यात चौथा अर्ज लिहिला. त्यात पहिल्यांदाच एक ओळ जास्त होती : 'मुलगी तेरा वर्षांची आहे.'

माझी विनंती एवढीच, की हा चौथा अर्ज ज्यांच्या टेबलावर असेल त्यांनी तो वरच्या बाजूला ठेवावा. बाजारात बारा नंबरच्या सुया मिळतात. बाई परवा त्या दुकानावरून गेल्या, थांबल्या, आणि हळद घेऊन आल्या.

पाठ काखेपर्यंत झालेली आहे. ब्याण्णव टाके माझ्यावर आहेत. एकही निसटलेला नाही. आज फाल्गुन शुद्ध पंचमी. चौथ्या अर्जाची पोच आली आहे. अर्ज विचाराधीन आहे.