फोनातला दिवा

शेळ्या सोडायच्या वेळेलाच मायलेकांची जुंपली. बापूसाहेब दूध डेअरीच्या टेंपोवर ड्रायव्हर, मंगळवेढा ते अकलूज रोजची फेरी. अकलूजच्या चिमुरड्या पोरी रस्त्यानं इंग्रजीत बोलत जाताना त्यानं ऐकल्या, तेव्हापासून त्याला घरचं गोड लागेना.

"सुकन्याला अकलूजच्या बोर्डिंगात टाकतो," तो म्हणाला. "हितल्या शाळंत ऱ्हायली तर शेळ्याच वळंल."

"शेळ्या वळूनच तुला येवढा केला की," कस्तुराबाई म्हणाली. "येवढीशी पोर परक्या दारात टाकतूस व्हय रं?"

"मग दिवाळीपातूर बघतो. वैजयंतीबाईनं पोरास्नी फोनवर इंग्रजी लावलंय म्हनं. दिवाळीला पोरगी चार शब्द बोलली तर ऱ्हाऊ दे हितं. न्हाय तर बोर्डिंग. पुन्ना मला बोलायचं न्हाय."

तो गेला आणि म्हातारी उंबऱ्यातच बसून राहिली. नवरा गेल्यापासून तिचा सगळा जीव ह्या नातीत होता. नात गेली तर घरात उरणार सून आणि शेळ्या, आणि सुनेपेक्षा शेळ्याच जास्त बोलायच्या.

वैजयंतीबाई गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर होत्या. भारी हौशी बाई. त्यांनी घरोघरच्या फोनात एक खेळ घालून दिला होता. फोन इंग्रजीत वाक्य म्हणायचा, पोरानं ते मागनं म्हणायचं. बरोबर आलं की टाळ्या वाजायच्या आणि फोन 'व्हेरी गुड' म्हणायचा. रोज खेळलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ज्योत जळत राहायची. कुणाची जळते आणि कुणाची विझली, हे बाईंना घरबसल्या दिसायचं.

"एक दिस चुकला की इझती, आज्जे," बापाच्या जुन्या फोनवर बोट ठेवत सुकन्या म्हणाली. "मग समदं पयल्यापासनं."

हे कस्तुराबाईला फोड करून सांगायची गरज नव्हती. घरात नवरात्राचा घट बसायचा आणि लग्न होऊन आल्यापासून घटाचा दिवा तिनं एकदाही विझू दिला नव्हता. घरातल्या बायकांनी आळीपाळीनं राखायचा. एकीचा डोळा लागला तर दुसरीनं तेल घालायचं. तेल कुणाच्या हातचं, हे देवी विचारत बसत नाही.

सुकन्या आठवडाभर मन लावून खेळली. मग तिला अंगणात जिबली खेळायचा नाद लागला. एका तिन्हीसांजेला ती दमून तशीच झोपली. म्हातारीनं पाहिलं तर ज्योत मलूल झालेली. तिनं देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले, फोन उचलला आणि तेल घातलं.

"धिस इज अ गोट," फोन म्हणाला. वर शेळीचं चित्र. ओळखीचं जनावर बघून म्हातारीला हुरूप आला. जीभ दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा टाळ्या वाजल्या.

"व्हेरी गुड."

उभ्या जन्मात तिला असं कुणी म्हणालं नव्हतं. सासूनं नाही, नवऱ्यानं तर नाहीच. तिला ते आवडलं, खोटं कशाला बोला.

मग फोन तिच्याबरोबर रानात जाऊ लागला. काळ्या रानात ज्वारी गुडघ्याला आली, सकाळच्या वाऱ्याला गारवा आला. म्हातारी बांधावर बसून "हाऊ आर यू? आय ॲम फाइन" करायची आणि शेळ्या माना वर करून बघायच्या. सुकन्याचं आयतंच फावलं.

"आज्जे, आज बी तूच कर की."

"करती. जा तू खेळाय. पर लांब जाऊ नगंस."

शाळेच्या सभेत बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, की गावात सगळ्यात जास्त दिवस सुकन्याचीच ज्योत जळते आहे. बापूसाहेब मिशीतल्या मिशीत हसला. म्हातारीला वाटलं, जिंकली लढाई.

दिवाळीच्या पाडव्याला शेळ्यांच्या शिंगांना गेरू लावून झाला आणि फराळाला बोलावलेल्या वैजयंतीबाई आल्या. बापूसाहेबानं शेजारपाजारही गोळा केला होता. बाईंनी सुकन्याच्या मांडीवरच्या पांढऱ्या करडाकडं बोट केलं आणि लाडानं विचारलं, "व्हॉट इज धिस?"

पोरीनं करडाकडं बघितलं, मग आजीकडं.

"बोल की गं," बापूसाहेब म्हणाला. "लाजतीस कशापायी?"

पोरगी करडाचे कान कुरवाळत राहिली. म्हातारीला ते बघवेना. ओठ आवरता आवरेनात, आणि चुलीपुढनं आवाज आला, "धिस इज अ गोट."

सगळी वळून बघायला लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"आजी, म्हणजे रोज तुम्हीच?" बाईंचा चेहरा उतरला.

"पोर दमून झोपायची, बाई. म्या नुसतं त्याल घातलं. इझू दिला न्हाय."

बापूसाहेबानं हातातली फराळाची ताटली खाली ठेवली. मग म्हणाला, "आये, आता बोर्डिंगात तुला घालू का तिला?"

शेजारी हसले. म्हातारीनं चुलीत उगाच एक लाकूड सारलं. नातीला राखायला गेली आणि आपल्या हातानंच तिला घालवून बसली, हे तिला तिथंच कळलं.

सुट्टी संपली आणि पोरगी टेंपोत बसून गेली. करडू वेशीपर्यंत मागं पळालं.

बोर्डिंगातनं रविवारी फोन यायचा. तिथला नियम कडक, फोनवरही इंग्रजीच बोलायचं, आणि त्यासाठी एक बाई शेजारी उभ्या. हा नियम बापूसाहेबाला ठाऊक नव्हता, त्या बाईंनीच फोनवर सांगितला. पहिल्या रविवारी तो "हॅलो" म्हणाला आणि तिथंच त्याचं इंग्रजी संपलं. घामाघूम होऊन त्यानं फोन आईकडं दिला.

"हाऊ आर यू?" कस्तुराबाई म्हणाली.

"आय ॲम फाइन," पलीकडनं बारीक आवाज आला. "हाऊ आर यू?"

"आय ॲम फाइन."

म्हातारीला पुढं विचारायचं होतं, जेवलीस का, अंगावर पांघरूण हाय का, रडतीस का गं. त्या फोनानं यातलं काहीच शिकवलं नव्हतं. तिनं हुडकून हुडकून शब्द जुळवले. "व्हाइट गोट... इज फाइन."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. मग पोरगी म्हणाली, "थँक यू." फोन बंद झाला.

"काय म्हनली?" बापूसाहेब पुढं सरकला. "बरी हाय न्हवं?"

"बरी हाय म्हनली." म्हातारीनं फोन पदरानं पुसला. "त्या भाशंत समदीच बरी असत्यात, बाबा."