डाव्या दाराखालची पेटी

"डावी बाजू नको कापूस," नॉर्मन म्हणाला. "चांगला पत्रा आहे. चांगल्या पत्र्याला करवत लावणारा शहाणा मी अजून बघितला नाही."

"उजवीचं गंजून पीठ झालं होतं. डावी एकटी कशी वाचेल?" गाडीच्या पलीकडून सिरिलचा आवाज आला.

"काही वाचतात. आणि या गाडीला वर टप नाही, विसरलास? सगळा भार या दोन पेट्यांवर. कापलीस आणि गाडी मधे वाकली, तर दार जन्मात बसायचं नाही. मग बस तीन वर्षांच्या कामावर फुंकर मारत."

मी चहा घेऊन गॅरेजच्या दारात उभी होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलंय. नॉर्मनला सिरिलची किती काळजी, असं तेव्हा मला वाटलं. माझ्यासारखी मूर्ख बाई अख्ख्या कॉव्हेंट्रीत शोधून सापडणार नाही.

गाडी होती लॅपविंग. दोन माणसांची, ठेंगणी, कापडी छपराची. एकसष्ट साली आमच्याच गावच्या कारखान्यात बनलेली. नवरा निवृत्त झाला की बायकांना वाटतं, आता जरा समुद्रावर जाऊ. माझ्या घरी समुद्र आला नाही, ही आली, तीही मागून रस्सीने ओढत. मग तीन हिवाळे ती सुटी होत गेली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून गिअरबॉक्स. बाथटबमध्ये रेडिएटर. माझ्या जॅमच्या बाटल्यांत नट-बोल्ट, प्रत्येक बाटलीवर सिरिलच्या गोल अक्षरात चिठ्ठी. रंगवलेले भाग तो ओव्हनमध्ये वाळवायचा, त्यामुळे रविवारच्या मटणाला हिरव्या रंगाचा वास. आमची हिलरी नाताळला आली तेव्हा म्हणाली, "आई, तू याला घराबाहेर का काढत नाहीस?" मी म्हटलं, "काढलं असतं, पण कुठल्या बाटलीत भरू?"

मी थट्टा करायचे, पण मला कारण माहीत होतं.

एकसष्ट साली सिरिल आणि नॉर्मन दोघे त्याच कारखान्यात लाइनवर होते. दाराखाली गाडीच्या लांबीभर पत्र्याची एक पोकळ पेटी असते. ती वेल्डिंग करून बंद करणं हे सिरिलचं काम. नॉर्मन बराच पुढे, चाकं चढवायला. त्या वसंतात जुना मुकादम जाणार होता आणि जागेसाठी दोन नावं होती, सिरिल आणि नॉर्मन. सिरिलचं नक्कीच झालं होतं म्हणा ना. तेवढ्यात पंधरा दिवसांत सात गाड्या परत आल्या. गाडी वळली की दाराखाली खड-खड-खड. पेटी बंद, आत काय आहे ते दिसेना. नवी कोरी गाडी कापून कोण बघणार? सिरिलच्या वेल्डिंगचे तुकडे आत राहिले, माणूस निष्काळजी, असा निकाल देऊन साहेब मोकळे झाले. गाड्या स्वस्तात फुंकल्या. सिरिलला लाइनवरून उचलून गोदामात बसवलं आणि नॉर्मन मुकादम झाला.

गोदामाचं एक वेळ चाललं असतं. पण पोरांनी त्याचं नाव 'खडखड्या' पाडलं, आणि ते जन्माला चिकटलं. "खडखड्या, बाराचा पाना दे." "खडखड्या आला, कान झाका." हिलरीला शाळेत 'खडखड्याची पोर' म्हणायचे. निवृत्तीच्या समारंभात त्याला घड्याळ दिलं, तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "वाजतंय का बघ रे!" सगळे हसले. सिरिलही हसला. घरी आल्यावर त्याने ते घड्याळ कपाटात टाकलं, ते आजवर तिथेच आहे.

त्या सातांपैकी एका गाडीचा नंबर साहेबांनी त्याच्या तोंडासमोर धरला होता. तो त्याला आपल्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ. तेहतीस वर्षांनी जुन्या गाड्यांच्या मासिकात, लिंकनशरमधल्या कुठल्याशा कोठाराच्या जाहिरातीत तोच नंबर छापून आला. आम्ही साठवलेले समुद्राचे पैसे गेले ते असे.

गाडी अंगणात वळवताना खड-खड झालं. मी ऐकलं. नॉर्मन म्हणाला, "हँडब्रेक सैल दिसतोय."

नॉर्मन म्हणजे आमचा घरचाच माणूस. हिलरीचा धर्मपिता. एकसष्टपासून दर शनिवारी दहाच्या ठोक्याला हजर. त्याची बायको जोन गेली तेव्हा महिनाभर जेवला तो माझ्या टेबलावर. सगळे सिरिलला खडखड्या म्हणत, नॉर्मनने कधी म्हटलं नाही. मला त्याचं केवढं कौतुक होतं.

मंगळवारी, नॉर्मन नसताना, सिरिलने दाराच्या चौकटीत लोखंडी आडवी पट्टी ठोकली, म्हणजे गाडी वाकायची नाही, आणि डावी पेटी कापली. मी आत कपड्यांना इस्त्री करत होते. करवतीचा आवाज थांबला आणि बराच वेळ दुसरा कसलाच आवाज येईना. साठीच्या पुढच्या माणसाबद्दल अशा वेळी जे मनात येतं ते माझ्या मनात आलं आणि मी धावले.

तो खाली फरशीवर बसला होता. समोर फडक्यावर चार नट.

"वेल्डिंगचे तुकडे नाहीत हे," तो म्हणाला.

"मग?"

"चाकाचे नट आहेत. माझ्या जागेवर चाकाचे नट कधी नसायचेच, एनिड."

मग त्याने मूठ उघडली. तळहातावर एक पितळी बिल्ला होता, हिरवा पडलेला. कारखान्यात गोदामाच्या खिडकीवर आपल्या नंबरचा बिल्ला टांगायचा, तेव्हा हत्यार मिळायचं. सिरिलने तो अंगठ्याने घासला होता. चारशे सतरा.

तो नंबर कोणाचा, हे मला विचारावं लागलं नाही. नॉर्मनने बिल्ला हरवला ही आमच्याकडची जुनी हसण्याची गोष्ट होती. नवा मिळेपर्यंत पंधरा दिवस सिरिलने स्वतःच्या बिल्ल्यावर त्याला हत्यारं काढून दिली होती. तेच पंधरा दिवस.

"सकाळच्या सुट्टीत तो मला चहा आणून द्यायचा," सिरिल म्हणाला. "लाइनवर कोणी कोणाला चहा आणून देत नाही गं. बाकीचे जळायचे. मी कप घेऊन पाठ फिरवायचो, आणि हा उघड्या पेटीवर वाकून माझं काम बघायचा. 'सुरेख जोड आहे' म्हणायचा. वाकताना वरच्या खिशातून पडला असणार."

मी नॉर्मनला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. मी चर्चला जाणारी बाई आहे.

"तू त्याला काही बोलायचं नाहीस," सिरिल म्हणाला.

"मग काय, येऊ द्यायचं शनिवारी?"

"ब्रेक राहिलेत. ब्रेकला दोन माणसं लागतात."

शनिवारी दहाला नॉर्मन आला. गॅरेजमध्ये गेला आणि थबकला, कारण डाव्या दाराखाली आता नवा पत्रा होता, काळ्या रंगाचा. "कापलीस शेवटी," एवढंच म्हणाला.

"कापली," सिरिल म्हणाला. "दार बसलं बघ नीट."

मी बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी बोलले नाही. मी चहा नेला. एरवी त्यांना मोठे मग असतात. त्या दिवशी मी आईच्या कपबश्या काढल्या, सोबत ब्रेड पुडिंग. नॉर्मन म्हणाला, "कपबश्या? कोण गेलं?"

मी त्याच्या हातात बशी दिली. त्याने कप उचलला. कपाखाली बिल्ला होता.

त्याने कप लगेच खाली ठेवला नाही. एक घोट घेतला. मग सिरिलने पुढे होऊन त्याच्या हातातून कप काढून घेतला.

"एनिड," सिरिल माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी सांगितलं होतं."

"मी तोंड उघडलंय का?"

नॉर्मनने बशी खाली ठेवली. "जोनला दिवस गेले होते. भाडं वाढलं होतं. मला वाटलं, दोन-चार गाड्या वाजतील, तुला बोलणी बसतील, बस्स. गोदामात टाकतील असं वाटलं नव्हतं."

"सात गाड्या होत्या."

"हो. सात." तो बिल्ल्याकडेच बघत होता. "छत्तीस वर्षं दर शनिवारी येतोय मी, सिरिल. कशासाठी येत होतो असं वाटलं तुला?"

"मला वाटलं, माझ्याकडे येतोस," सिरिल म्हणाला.

गॅरेजच्या पत्र्यावर एक कबुतर चालत होतं, त्याची नखं ऐकू येत होती. मला त्या क्षणी नॉर्मनला मारावंसं वाटलं, आणि त्याला पुडिंग खा म्हणावंसंही वाटलं, सवयच तशी.

"एक कर," सिरिल म्हणाला. "ऑक्टोबरात पेन्शनरांचं जेवण आहे. तिथे उभा राहा आणि सांग. भाषण नको. नट मी टाकले, एवढं एकच वाक्य. मी पुन्हा हा विषय काढणार नाही. शनिवारी येत जा."

मी नॉर्मनकडे बघत राहिले. हो म्हणेल, असं मला खरंच वाटलं.

"आता कशाला रे," तो म्हणाला. "साहेब मेले. कारखाना पाडला, तिथे भाजीपाल्याचं दुकान झालंय. उरलेत किती? अकरा माणसं. त्यातल्या तिघांना ऐकू येत नाही."

"अकरा पुरेत."

"माझी नातवंडं येतात त्या जेवणाला, सिरिल."

"माझी पोर शाळेत जायची," सिरिल म्हणाला. आवाज चढवला नाही.

नॉर्मनने टोपी घातली. बशीतला बिल्ला उचलला, पँटला पुसला आणि खिशात टाकला. दारात माझ्यापाशी थांबला. मी बाजूला झाले, म्हणजे त्याला जायला वाट मिळाली. फाटक त्याने नेहमीसारखं नीट लावलं.

"अरे, बिल्ला घेऊन गेला तो!" मी म्हटलं. "आता कोण विश्वास ठेवेल?"

"जाऊ दे," सिरिल म्हणाला. "त्याचाच होता."

त्याने चारही नट एका बाटलीत घातले, झाकण लावलं आणि चिठ्ठीवर काय लिहावं याचा थोडा विचार करून 'चाकाचे नट, चार' असं लिहिलं. मग कोपर टेकत टेकत गाडीखाली सरकला. त्याचे फक्त बूट बाहेर दिसत होते.

"एनिड, तुझा पाय पोचतो का बघ. मधलं पेडल."

तीन वर्षांत त्या गाडीत मी पहिल्यांदा बसले. सीट अजून नव्हतीच, लाकडी खोक्यावर उशी होती. ॲप्रन सावरला आणि पेडलवर पाय ठेवला.

"दाब," खालून आवाज आला. "धर. सोड. दाब. धर. सोड."

तीन चाकं झाली. चौथ्याला तो म्हणाला, "दाब. धर," आणि पुढे काहीच बोलेना. पान्याऐवजी नाक ओढल्याचा आवाज आला. मी आरशात बघितलं, त्यात नुसती भिंत आणि बाटल्या. पायात गोळा यायला लागला, तरी मी पेडल दाबून धरलं. तो सोड म्हणाला नव्हता.