माझ्या खणांत नावे नव्हती

मित्रांनो, मी बटणांचा एक जुना डबा आहे, आणि कित्येक वर्षांत माझ्यात एकही बटण पडलेले नाही.

मी पत्र्याचा. पोटात सहा खण घेऊनच कारखान्यातून निघालो आणि एका शिंप्याच्या दुकानात, खिडकीखालच्या फळीवर येऊन बसलो. पुढच्या खोलीत मास्तरांचे कापायचे टेबल आणि शिवणयंत्र, मागच्या खोलीत इस्त्री. मास्तरांची बायको काजे करी, बटणे लावी. तिला सगळे थोरली म्हणत. इस्त्री करणारी तिची जाऊ, ती धाकटी. थोरलीची बोटे इतकी सरावलेली, की मान वर न करता ती हवे ते बटण माझ्यातून उचली. पांढरी एका खणात, पिवळसर दुसऱ्यात, गुलाबी तिसऱ्यात. “हा डबा माझा तिसरा डोळा आहे,” असे ती म्हणे, तेव्हा माझा पत्रा आतून उजळे.

पुढे बटणे पुठ्ठ्यावर टाचलेली येऊ लागली. मी रिकामा झालो. रिकामपण हा पत्र्याला चढणारा पहिला गंज. मग एके दिवशी थोरलीने घरात उरलेल्या, डॉक्टरला न विचारता आणलेल्या साऱ्या गोळ्या गोळा केल्या. जागा वाचावी म्हणून पाकिटांतून सोलून काढल्या आणि हाताच्या सवयीने माझ्या खणांत रंगावर लावल्या. पांढऱ्या डोकेदुखीच्या, पिवळ्या अंगदुखीच्या, गुलाबी सर्दीतापाच्या. पाकिटांबरोबर नावे केरात गेली. मला त्याचे काही वाटले नाही. बटणांना नावे नसतातच.

शाळा उघडायला आठवडा उरला होता. गणवेशांचा ढीग छताकडे निघाला होता आणि धाकटीची दाढ ठणकू लागली. तिने पांढरी घेतली. ठणका राहिना, म्हणून पिवळी. संध्याकाळी गुलाबी. दोन दिवस माझे झाकण सारखे उघडत-मिटत राहिले. इस्त्रीच्या वाफेने कढत झालेली तिची बोटे माझ्या खणांत उतरत आणि मला वाटे, मी पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहे. मित्रांनो, त्या दोन दिवसांत मी सुखी होतो. हे मला लपवता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटीला उलट्या झाल्या. थोरलीने माझे झाकण उघडले आणि खणांचे उघडे तळ पाहून ती थबकली.

“अगं, किती घेतल्यास?”

“मोजून ठेवायला ती काय बटणं आहेत, जाऊबाई?” धाकटी हसली. “पण एका जातीच्या जास्त नाही घेतल्या हो. रंग बदलत होते मी.”

थोरलीने कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला फोन लावला. त्याचा आवाज फळीपर्यंत ऐकू येत होता. “रंगावर काय जाता वहिनी? तिन्हींत एकच औषध असू शकतं. यकृताला मार बसतो, आणि आधी काही कळतच नाही. आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात न्या. घशात बोटं घालून उलटी काढू नका, घरचं काही पाजू नका. बरं वाटलं तरी थांबायचं नाही. आणि तो डबा बरोबर घ्या.”

थोरली चप्पल शोधू लागली. पण तासाभरात धाकटीच्या उलट्या थांबल्या, चेहऱ्यावर रंग आला. तिने चहा घेतला आणि इस्त्रीही तापत ठेवली.

“बघा, ठणठणीत आहे मी! दाढसुद्धा गप्प बसलीय.”

मास्तर कात्रीवरून नजर न काढता म्हणाले, “तो औषधवाला शिंक आली तरी रुग्णालयात धाडेल. चाळीस सदरे बाकी आहेत. उद्या सकाळी जाऊ.”

थोरली दारात उभी होती. एक पाय चपलेत, एक बाहेर. मग तिने चपलेतला पायही काढून घेतला.

त्या दिवशी धाकटीने एकूण एक सदरा इस्त्री केला. आणि ती गाणे गुणगुणत असताना तिच्या आत, बरगड्यांच्या आडोशाला, काहीतरी निःशब्दपणे विझत होते.

सकाळी तिच्या डोळ्यांत माझ्या दुसऱ्या खणाचा रंग उतरला होता.

रुग्णालयात मला टेबलावर ठेवले. डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडून विचारले, “यात कोणत्या गोळ्या होत्या?” मास्तरांनी थोरलीकडे पाहिले. थोरलीने माझ्याकडे पाहिले. मी आ वासून बसलो होतो, आणि माझ्यापाशी सांगायला फक्त रंग होते.

“रक्त तपासू, कळेल,” बाई म्हणाल्या. “विषावरचा उताराही लगेच सुरू करतो. उशिरा आलेलेही वाचतात, आम्ही सोडत नाही. पण काल सकाळीच आणायला हवं होतं हो. तेव्हा उतारा फार चांगला लागू पडतो.”

“काल ती बरी होती,” मास्तर म्हणाले.

“तेच तर,” बाई म्हणाल्या.

धाकटी पाचव्या दिवशी गेली. गणवेश मुलांनी वेळेवर घातले.

मला थोरलीने परत आणले, घासले, आणि उघडाच फळीवर ठेवले. नव्या गोळ्या आता पाकिटातच राहतात, नाव वर करून. कधी ती माझ्या रिकाम्या खणातून बोट फिरवते आणि म्हणते, “एक पाय तर घातला होता मी चपलेत.” मास्तर तेव्हा शिवणयंत्र थांबवतात.

मित्रांनो, गोळ्या जास्त झाल्या, चुकून असो की मनाच्या काळोखात, तर दुखण्याची वाट पाहू नका. बरे वाटले तरी रुग्णालयाकडे निघा, उशीर झाला असला तरी निघा. पाकीट बरोबर न्या, किती आणि केव्हा घेतल्या ते खरे सांगा. कुणी विचारायची वाट न पाहता जवळच्या माणसाला हाक मारा. मला झाकण होते, वाचा नव्हती. तुम्हाला आहे.